पावसात पण आणि उन्हात पण चालेल असा टायर कुठला? वाचकांचे प्रश्न

पाऊस तोंडावर आला की टायरचीच पत्रं जास्त येतात. यावेळी बहुतेकांचा प्रश्न एकच आहे, चार महिने ओला रस्ता आणि आठ महिने कोरडा, तर दोन्हीला चालेल असा एकच टायर कुठला घ्यायचा. सगळी पत्रं घेणं शक्य नाही, म्हणून ज्यांची परिस्थिती एकमेकांपेक्षा वेगळी आहे ती घेतलीत.

प्रश्न: मी चिपळूणचा, औषध कंपनीत एमआर आहे. आठवड्यातून दोन-तीनदा कुंभार्ली घाट चढून पाटण, कराडला जावं लागतं. गाडी पल्सर 150. मागचा टायर पार गोटा झालाय आणि पुढचा पण बदलायला आलाय. टायरवाला म्हणतो पावसाळा आहे तर मोठ्या ठोकळ्यांचा ऑफरोडवाला टाका, खाचा जेवढ्या खोल तेवढी पकड जास्त. मित्र म्हणतो असले टायर डांबरावर सटकतात. कोणाचं ऐकू? दोन्ही मिळून पाच हजारापर्यंत जाऊ शकतो.

उत्तर: मित्राचं ऐका. आणि हे जरा सविस्तर सांगतो, कारण खोल खाचा म्हणजे जास्त पकड हा गैरसमज इतका पसरलाय की दरवर्षी जून आला की लोक चांगले रस्त्याचे टायर काढून चिखलाचे टायर टाकतात आणि मग पहिल्याच ओल्या वळणावर गाडी सरकते.

चिखल आणि ओलं डांबर या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. चिखलात टायरला रुतून बसायला काहीतरी मऊ मिळतं, ठोकळा आत घुसतो आणि मातीला ढकलून गाडी पुढे नेतो. डांबर ओलं असलं तरी कडकच असतं, त्यात ठोकळा घुसणार कुठे? तिथे पकड येते ती रबर खडीच्या बारीक बारीक उंचसखल भागात दाबलं जाऊन. म्हणजे रबर जेवढं जास्त रस्त्याला टेकेल आणि जेवढं मऊ राहील तेवढी पकड. ठोकळ्यांच्या टायरमध्ये मधली जागा मोकळी असते म्हणून टेकणारं रबर आधीच कमी, त्यात ते लवकर झिजू नये म्हणून कंपाउंड, म्हणजे रबराचं मिश्रण, बऱ्याचदा कडक ठेवलेलं असतं, वर ब्रेक मारला किंवा गाडी वळणात झुकवली की उंच ठोकळे वाकतात आणि हँडलला एक पोकळपणा जाणवतो. कोरड्यात हे खपून जातं, ओल्यात नाही.

मग खाचा कशाला असतात? पाणी बाहेर काढायला, एवढंच त्यांचं काम. बाईकचा टायर अरुंद आणि गोल असतो, तो कारच्या टायरसारखा सपाट नसतो, त्यामुळे पाणी तो आपोआप बाजूला सारतो. हवा बरोबर असेल आणि नक्षी शिल्लक असेल तर घाटात पन्नास-साठच्या स्पीडला गाडी पाण्यावर अक्षरशः तरंगायला लागली असं सहसा होत नाही, साचलेल्या पाण्यात सुसाट घातली तर गोष्ट वेगळी. तुम्हाला घाटात जे पाडतं ते वेगळंच असतं, वळणावर ट्रकमधून सांडलेलं डिझेल, झाडाखालच्या सावलीतलं शेवाळ, डागडुजीच्या डांबराचे काळे चकचकीत पट्टे, पांढरा रंग, आणि मृगाच्या पहिल्या सरीने वर आलेलं वर्षभराचं ऑइल आणि धूळ. यातल्या कशालाच खोल खाच उपयोगी पडत नाही. शेवाळावर आणि डिझेलवर तर जगातला कुठलाच टायर धरत नाही, तिथे स्पीडच कमी पाहिजे. बाकी ठिकाणी रबर कुठलं आहे ते कामाला येतं.

रबराचं म्हणाल तर सिलिका हा शब्द लक्षात ठेवा. रबरात काजळीसोबत, किंवा काजळीऐवजी, सिलिका मिसळली की ते गारव्यात पण लवचिक राहतं आणि ओल्या रस्त्यावर जास्त धरतं, म्हणून ओल्या पकडीसाठी बनवलेल्या टायरच्या माहितीत हा शब्द हमखास असतो. मिशेलिनचा पायलट स्ट्रीट 2 याच गोष्टीवर विकला जातो. एमआरएफ, सीएट, टीव्हीएस युरोग्रिप, अपोलो यांच्याकडे पण तुमच्या साइजच्या आसपास रस्त्याचे चांगले टायर आहेत आणि पाच हजारात दोन्ही बसायला हरकत नाही. दुकानात नावापेक्षा नक्षी बघा. मध्यभागी बऱ्यापैकी सलग रबर पाहिजे, कोरड्यात सरळ चालवताना आणि ब्रेक मारताना तेच टेकतं. तिथून कडेपर्यंत तिरक्या जाणाऱ्या खाचा पाहिजेत, आणि अगदी कडेचा भाग पुन्हा भरीव पाहिजे कारण घाटात तुम्ही त्याच्यावर झुकणार आहात. दुकानदार ड्युअल कंपाउंड दाखवत असेल, म्हणजे मधे कडक आणि कडेला मऊ, तर तुमच्या रूटला ते मला सगळ्यात योग्य वाटतं. पोफळीला धो धो पाऊस, हेळवाकला धुकं आणि पाटण मागे टाकलं की कराडपर्यंत पुष्कळदा रस्ता कोरडा, एकाच फेरीत तुम्हाला सगळं मिळतं. सगळाच मऊ टायर घेतला तर कराडकडच्या सरळ रस्त्याने तो मधून सपाट होईल, आणि मधे सपाट झालेला टायर वळणात झुकताना एकदम कडेवर पडल्यासारखा वाटतो.

साइज बदलू नका. साध्या पल्सर 150 ला पुढे 80/100-17 आणि मागे 100/90-17 येतो, ट्विन डिस्कवालीला 90/90-17 आणि 120/80-17, तुमची कुठली आहे ते बघून तोच घ्या.

आणि टायरवाला म्हणाला की आत्ता मागचा टाका, पुढचा दिवाळीनंतर बघू, तर ऐकू नका. मागचं चाक थोडं सरकलं तर बऱ्याचदा गाडी सावरता येते, पुढचं सरकलं की सावरायला वेळच मिळत नाही. ब्रेकचा मोठा भार पण पुढेच येतो. तुमच्या गाडीला एबीएस असेल, 2019 च्या एप्रिलपासून 125 सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना ते कंपल्सरी आहे, पण एबीएस चाक लॉक होऊ देत नाही एवढंच, पकड टायरनेच आणायची असते. साधा हिशोब सांगतो. साठच्या स्पीडला कोरड्या चांगल्या डांबरावर घर्षण 0.8 धरलं तर ब्रेक लागल्यापासून गाडी अंदाजे 18 मीटरमध्ये थांबते, ओल्यात ते 0.5 धरलं तर 28 मीटर लागतात, आणि ब्रेक दाबायच्या आधी भानावर यायला एक सेकंद गेला तर त्यात अजून जवळजवळ 17 मीटर मिळवा. गुळगुळीत टायरने हा आकडा अजून वाढतो. घाटातल्या वळणावर समोर किती मीटर दिसतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहिती आहे.

नवीन टायर टाकल्यावर पहिले शंभर-दीडशे किलोमीटर सांभाळून चालवा, शक्यतो कोरड्या दिवशी बसवून घ्या. नव्या टायरवर बोट फिरवून बघा, वरचा थर साच्यातून निघाल्यासारखा चकचकीत, गुळगुळीत लागतो, तो खरवडून निघेपर्यंत खरी पकड येत नाही. बसवल्या बसवल्या भर पावसात घाट उतरायला काढू नका.

प्रश्न: ठाण्याहून लिहितेय. रोज ॲक्टिव्हाने घोडबंदर रोडने ऑफिसला जाते. पावसात लोखंडी प्लेटा आणि गटाराच्या झाकणांवर गाडी सरकते म्हणून पेट्रोल पंपावरच्या मुलाने सांगितलं की मॅडम पावसाळ्यात हवा पाच पॉइंट कमी ठेवा, टायर पसरतो आणि जास्त धरतो. नायट्रोजन भरला तर अजून चांगलं असंही म्हणाला. खरं आहे का?

उत्तर: ताई, दोन्ही नाही. हवा कमी केली की टायर पसरतो हे खरं, पण पसरल्यावर होतं काय की रस्त्यावर येणारा दाब कमी होतो, खाचा दबून बंद व्हायला लागतात, त्यामुळे पाणी बाहेर जायच्या वाटाच बुजतात आणि पाणी खाली अडकायची शक्यता उलट वाढते. हँडल जड होतं, खड्ड्यात रिम वाजतो, टायर कडेने खाल्ला जातो. स्कूटरचं चाक आधीच लहान, तिला हे जास्त जाणवतं. तुमच्या गाडीच्या पुस्तकात आणि गाडीवरच्या स्टिकरवर पुढे किती, मागे किती, आणि मागे कोणी बसलं तर किती हे दिलेलं असतं, पावसाळ्यात पण तेवढीच ठेवा. बघायची सकाळी, गाडी चालवायच्या आधी, कारण चालवून तापलेल्या टायरमध्ये काटा जास्त दाखवतो आणि मग तुम्ही बरोबर आहे असं समजून कमी हवेवर फिरत राहता. पंपावरचे काटे एकमेकांशी जुळतातच असं नाही, स्वतःचं छोटं गेज घेऊन डिकीत टाकलं तर कायमचा प्रश्न मिटतो. पंधरा दिवसांतून एकदा बघा, काही न होता पण हवा थोडी थोडी कमी होतच असते.

नायट्रोजनचं म्हणाल तर साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजनच असतो. फुकट मिळत असेल तर भरा, पण त्याने रस्त्यावरची पकड वाढत नाही, त्यासाठी वेगळे पैसे देऊ नका.

प्लेटा आणि झाकणांचं सांगायचं तर ओलं लोखंड, ओला पांढरा रंग आणि गुळगुळीत झालेले पेव्हर ब्लॉक यांना रबर धरू शकेल असा खडबडीतपणाच नसतो. महागातला महाग टायर टाकला तरी त्यांच्यावर ब्रेक मारायचा नाही, रेस पिळायची नाही, हँडल सरळ ठेवून तसंच पार व्हायचं. ब्रेक काय मारायचा तो प्लेट यायच्या आधी डांबरावर मारून घ्या. आणि झेब्रा क्रॉसिंगवर थांबता तेव्हा पाय टेकताना पण लक्ष ठेवा, बुटाला सुद्धा तेच लागू आहे.

प्रश्न: नाशिकमध्ये शिकतो, माझ्याकडे साधी पल्सर 150 आहे. मागे 140 चा (म्हणजे 140 मिलिमीटर रुंदीचा) टायर टाकायचाय, दिसायला पण भारी आणि रुंद असल्यामुळे पावसात जास्त पकड मिळेल असं वाटतं. बसेल का?

उत्तर: ओढूनताणून बसेल, पण टाकू नकोस. तुझ्या गाडीचा रिम 100 च्या टायरच्या हिशोबाने बनवलाय. त्यावर 140 चढवला की दोन्ही बाजू आत आवळल्या जातात आणि टायरचा वरचा भाग टोकदार होतो, म्हणजे सरळ जाताना रुंद टायरचं पण मधलंच थोडंसं रबर टेकतं. टायर चेनला किंवा मडगार्डला घासू शकतो, वळणात गाडी जड लागते, ॲव्हरेज पण पडतं. आणि पावसाचं तुझं गणित उलटं आहे, तेवढंच वजन जास्त रुंदीवर पसरलं की पाणी फाडायची ताकद कमी होते, त्यामुळे साचलेल्या पाण्यात रुंद टायर आधी तरंगायला बघतो. तेच पैसे मूळ साइजमधल्या चांगल्या कंपाउंडच्या टायरला घाल.

प्रश्न: आमचं दुधाचं काम आहे, वाळवा तालुक्यात. स्प्लेंडरला मागे दोन कॅन लावून पहाटे मळ्यातनं गोळा करतो, काळ्या मातीच्या पाणंद रस्त्यानं, आणि तिथनं पुढं डांबरी रस्त्यानं डेअरीपर्यंत. पावसाळ्यात चिखलात गाडी हलत नाही आणि डांबरावर आलं की घसरती. तुम्ही मागं एकदा रस्त्याचेच टायर घ्या म्हणून लिहिलेलं, ते आमाला पण लागू हाय का?

उत्तर: नाही दादा, तुमचं काम वेगळं आहे आणि तुम्हाला मी रस्त्याचा टायर सांगणार नाही. काळी माती ओली झाली की बारीक खाचा लगेच भरून जातात आणि मग कितीही भारी टायर असला तरी तो गोटाच. तुम्हाला मागे थोड्या मोठ्या, सुट्या ठोकळ्यांची नक्षी पाहिजे, म्हणजे चाक फिरताना माती झटकली जाईल. पण पूर्ण ऑफरोडचा नको, कारण अर्धं अंतर तुम्ही वजन घेऊन डांबरावर ब्रेक मारता. दुकानात ड्युअल पर्पज किंवा सेमी ऑफरोड म्हणून मागा आणि त्यातला ज्याचे मधले ठोकळे जवळजवळ आहेत तो निवडा. पुढे मात्र साधा, लांब सलग खाचांचा रस्त्याचाच ठेवा, दिशा धरून ठेवायला तो चांगला.

तुमच्या बाबतीत मला जास्त काळजी वजनाची वाटते. टायरच्या बाजूला साइजच्या पुढे एक आकडा आणि एक अक्षर असतं, स्प्लेंडरच्या मागच्याला 80/100-18 च्या पुढे 54P असं दिसेल. 54 म्हणजे तो टायर पूर्ण हवेवर 212 किलो पेलतो, P म्हणजे 150 च्या स्पीडपर्यंत. आता चाळीस-चाळीस लिटरचे दोन कॅन भरले की 80 किलोच्या वर दूधच झालं, कॅनचं वजन वेगळं, त्यात तुमचं स्वतःचं आणि गाडीचं मागच्या चाकावर येणारं वजन धरलं तर तुम्ही 212 च्या फार खाली नसता. म्हणून टायर बदलताना दुकानदाराने स्वस्तात कमी आकड्याचा पुढे केला तर घेऊ नका, 54 किंवा त्याच्या वरचाच घ्या. हवा पण भरलेल्या गाडीच्या हिशोबाने, पुस्तकात मागे माणूस बसल्यावर जेवढी सांगितली आहे तेवढी पाहिजे. चिखलात जावं म्हणून हवा कमी करून तीच गाडी भरलेल्या कॅनसकट डांबरावर पळवणं सगळ्यात वाईट, टायर आतून तापतो आणि बाजूने फुटू शकतो.

पाणंदीतनं डांबरावर चढलात की लगेच पळवू नका. खाचांमधली माती निघून जाईपर्यंत पहिला टप्पा हळू घ्या, थोडं पुढे गेल्यावर मागे वळून चाक बघितलं तर मातीखालचं रबर दिसायला लागलेलं कळतं. ऊस तोडणी सुरू झाली की ट्रॅक्टरच्या चाकाने रस्त्यावर आलेल्या मातीचं आणि पडलेल्या पाल्याचं पण असंच आहे, पहाटेच्या दवाने ते ओलं असतं आणि दिसायला रस्ता कोरडा वाटतो.

प्रश्न: पुण्यात राहतो, रिटायर आहे. सात वर्षांची बुलेट आहे, गाडी फारशी चालत नाही, पावसाळ्यात एखादा रविवार ताम्हिणीला जातो तेवढंच. टायर ओरिजिनल आहेत, नक्षी छान शिल्लक आहे, पण सर्व्हिसिंगवाला बदला म्हणतो. एवढी नक्षी असताना कशाला बदलायचे? आणि बदलायचेच तर ट्यूबलेस टाकता येतील का?

उत्तर: काका, सर्व्हिसिंगवाला बरोबर सांगतोय. टायर झिजून जातो तसा नुसता उभा राहून पण जातो. ऊन, हवा आणि वय यांनी रबर कडक होत जातं आणि वर सांगितलं तसं ओल्या रस्त्यावर पकड मऊपणातूनच येते, त्यामुळे नक्षी दिसते पण टायर धरत नाही. अंगठ्याचं नख मधल्या रबरात दाबून बघा आणि शेजारच्या नव्या गाडीच्या टायरमध्ये पण दाबून बघा, फरक हाताला कळेल. टायरची बाजू आणि खाचांचा तळ उजेडात नीट बघा, बारीक भेगा दिसत असतील तर विषयच संपला. पाच वर्षं झाली की दरवर्षी असं तपासायचं आणि सहा-सातच्या पुढे ताम्हिणीसारख्या रस्त्याला न्यायचा नाही, असं माझं मत आहे.

नक्षीचं माप पण सांगून ठेवतो, बाकीच्यांनाही उपयोगी आहे. कायद्याने दुचाकीला कमीत कमी 0.8 मिलिमीटर नक्षी पाहिजे. टायरच्या कडेला टीडब्ल्यूआय (TWI) ही झिजेची खूण किंवा छोटा त्रिकोण असतो, त्याच्या सरळ रेषेत खाचेच्या तळाशी रबराची एक बारकी आडवी पट्टी दिसेल, नक्षी झिजून तिला टेकली की टायर संपला. पण ही शेवटची हद्द आहे, घाटात पावसात जाणाऱ्याने 2 मिलिमीटरलाच बदलावा, कारण शेवटच्या त्या दीड-एक मिलिमीटरमध्ये पाणी काढायची क्षमता फार झपाट्याने कमी होते.

ट्यूबलेसचं तुमच्या रिमवर अवलंबून आहे. तारांचे स्पोक असतील तर स्पोकच्या भोकांतून हवा जाते म्हणून आत ट्यूब लागतेच, टायरवर ट्यूबलेस लिहिलेलं असलं तरी ट्यूब टाकूनच चालवावा लागतो. अलॉय व्हील असतील तर ट्यूबलेस जरूर घ्या, खिळा लागला तरी हवा हळूहळू जाते, ट्यूबसारखी एकदम बसत नाही. स्पोकवाले रिम असतील तर नव्या टायरबरोबर नवी ट्यूब पण टाका, जुनी ठेवून पैसे वाचवू नका.

घेताना दुकानात एक काम नक्की करा. टायरच्या बाजूला छोट्या चौकटीत चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, म्हणजे 2324 असेल तर 2024 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. पुढचा आणि मागचा दोन्हीचे बघा, बुलेटच्या काही साइज कमी खपतात आणि दुकानात वर्षानुवर्षं पडून राहिलेला माल मिळू शकतो. वर्षापेक्षा जुना असेल तर दुसरा मागा, नसेल तर मागवून घ्या, चार दिवस थांबायला हरकत नाही. बसवताना बाजूवरचा बाण चाक फिरतं त्या दिशेला आहे ना ते समोर उभं राहून बघा. बाण उलटा बसला तर पाणी कडेला जायच्या ऐवजी मधे ओढलं जातं, आणि एकदा चाक चढवून नट आवळले की मुलं परत काढायला कंटाळतात.